पातळ भिंतींचं घर : टोकियोतल्या ‘ऑफ साइट’ची पाच वर्षं

आम्ही सातआठ जण महिन्यातल्या एका रविवारी पुण्यात एका मित्राच्या फ्लॅटमध्ये जमतो आणि दीडदोन तास फक्त ऐकतो. ऐकायला असतं ते मुक्त उत्स्फूर्त वादन, म्हणजे आधी काही न ठरवता त्या क्षणी सुचेल तसं वाजवलेलं, आणि त्याच्या शेजारपाजारचं प्रायोगिक संगीत. गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीकडे तक्रार केली. तक्रार रास्त होती. त्यांच्या घरी आजारी माणूस होतं, आणि छतातून झिरपणारा आमचा आवाज त्यांच्यापर्यंत संगीत म्हणून पोचतच नव्हता, नुसती घरघर पोचत होती. पुढे काय करायचं यावर आमच्यात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, जागा बदलू. बाकीच्यांचं म्हणणं, आवाज कमी करू. त्यावर पहिले म्हणाले, इतक्या बारीक आवाजात ऐकण्यात अर्थ काय राहिला?

त्या वादात मला टोकियोतलं एक घर आठवलं. हीच अडचण त्यांच्यापुढे होती, आणि ती सोबत घेऊन त्यांनी पाच वर्षं काम केलं. त्या घराबद्दल मिळेल ते मी वाचत गेलो, तिथली ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

घर आणि अडचण

शिंजुकू हे टोकियोतलं प्रचंड वर्दळीचं स्टेशन. तिथून चालत जाता येईल अशा योयोगी भागात एक साधं दुमजली राहतं घर होतं. २००० साली अत्सुहिरो इतो आणि युकारी इतो या दोघांनी तिथे ‘ऑफ साइट’ सुरू केलं. खाली एक लहानशी पांढरी खोली, तेच कलादालन आणि तीच मैफलीची जागा; वर छोटा कॅफे आणि सीडी-पुस्तकांचं दुकान. अत्सुहिरो हे मूळचे दृश्यकलावंत. ट्यूबलाइट हे त्यांचं माध्यम, आणि त्या ट्यूबच्या विद्युत गुरगुरीचा आवाज वाढवून ते वाजवतात. आपल्या या वाद्याला त्यांनी ‘ऑप्ट्रॉन’ असं नाव दिलं आहे.

टोकियोत वादकांना जागा मिळणं किती अवघड असतं, हे कळल्याशिवाय या घराचं मोल कळत नाही. तिथल्या पुष्कळ लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे मैफलींच्या छोट्या क्लबांमध्ये, ‘नोरुमा’ नावाची पद्धत चालते. ठरावीक तिकिटं वादकांनीच खपवायची, आणि खपली नाहीत तर उरलेल्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. पंधरावीस श्रोत्यांचं संगीत या हिशेबात बसणं कठीण. म्हणून राहत्या वस्तीतलं एक छोटं घर, जिथे मालक स्वतः कलावंत आहेत, ही मोठीच सोय होती.

पण वस्तीतलं घर म्हटलं की शेजार आला. भिंती पातळ, घराला घर लागून. जरा आवाज चढला की शेजाऱ्यांना त्रास होणार हे उघड होतं. भिंतींना जाड गाद्या ठोकून खोली ध्वनिरोधक करणं, दुसरी जागा शोधणं किंवा मैफली बंद करणं, असे तीन रस्ते एरवी कोणालाही सुचतील. तिथे जमणाऱ्यांनी चौथा घेतला. ते हळू वाजवू लागले. हळू म्हणजे रात्री बाळ झोपल्यावर आपण भांडी लावतो तितकं हळू.

भिंतीनं संगीत घडवलं का?

या घराची गोष्ट जगभर एका वाक्यात सांगितली जाते: शेजारी रागावतात म्हणून हळू वाजवलं आणि त्यातून नवी शैली जन्मली. गोष्ट म्हणून हे फार गोड आहे. मला ते पुरतं पटत नाही, आणि न पटण्याची कारणं तारखांमध्ये आहेत.

‘ऑफ साइट’ उघडण्याच्या दोन वर्षं आधी, १९९८ मध्ये, ताकू सुगिमोतो, तेत्सुजी अकियामा आणि तोशिमारू नाकामुरा या तीन वादकांनी ‘बार आओयामा’ नावाच्या ठिकाणी दरमहा उत्स्फूर्त वादनाच्या बैठकी सुरू केल्या होत्या. हाच शिरस्ता पुढे ‘ऑफ साइट’मध्ये गेला. तोवर या मंडळींची वाट वळलेली होती. सुगिमोतो ऐंशीच्या दशकात कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या गिटारीचा एक स्वर लागायचा आणि पुढच्या स्वराची वाट पाहावी लागायची. नाकामुरांनी गिटार बाजूला ठेवली होती. ओतोमो योशिहिदे यांचा ‘ग्राउंड झीरो’ हा गोंगाटाचा महापूर आणणारा बँड १९९८ मध्ये संपला, आणि त्यात सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) वाजवणाऱ्या साचिको एम रिकाम्या सॅम्पलरकडे वळल्या.

दुसरं कारण टोकियोच्या बाहेरचं. याच सुमारास बर्लिनमध्ये, व्हिएन्नात आणि लंडनमध्येही मुक्त वादकांचे काही गट आवाज कमी करत, शांततेला जागा देत चालले होते. त्यांना काही योयोगीतले शेजारी नव्हते. नव्वदच्या दशकातल्या जपानी नॉइझ संगीतानं, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या प्रकारानं, आवाजाची परमावधी गाठली होती आणि युरोपातलं मुक्त वादनही तीस वर्षांत आपल्या घाईगर्दीत अडकलं होतं. एका पिढीला दोन्हीकडे एकदमच वाटलं असावं की आता आवाज चढवून नवं काही ऐकू येणार नाही.

मग भिंतीनं काय केलं? माझं उत्तर असं की संगीत भिंतीच्या आधीच बदललं होतं, भिंतीनं श्रोता घडवला. बारमध्ये हळू वाजवणं ही वादकाची निवड असते आणि श्रोत्याला तिच्याकडे दुर्लक्ष करता येतं. गल्ल्यावर कोणी बोलतं, ग्लास वाजतात. ‘ऑफ साइट’च्या त्या खोलीत दुर्लक्ष करायला जागाच नव्हती. वादक हातभर अंतरावर, आवाज इतका कमी की श्वास रोखल्याशिवाय तो पोचत नाही, आणि मोठ्यानं वाजवून सगळ्यांना आपल्याकडे ओढून घेण्याची सवलत वादकाला मुळीच नाही. ऐकण्याचा भार श्रोत्यावर आला.

अत्सुहिरोंचं स्वतःचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. मोठ्या जागेत त्यांचा ऑप्ट्रॉन अतिशय कर्कश आणि जोरकस वाजतो, ड्रमच्या साथीनं तर तो अंगावर येतो. म्हणजे घराचा मालक स्वभावानं हळू वाजवणारा नव्हताच. हळू वाजवणं हा त्या घराचा नियम होता आणि तो मालकालाही लागू होता.

त्या खोलीत नेमकं काय वाजत असे

इथे थोडं थांबायला हवं, कारण वाद्यं कळली नाहीत तर ऐकण्याचा प्रश्नही कळत नाही.

नाकामुरांचं वाद्य म्हणजे माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारा साधा मिक्सर, ज्याला काहीच जोडलेलं नाही. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की ‘कुईं’ होतं ते सर्वांनी ऐकलेलं आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमधून परत आत जातो, वाढतो, पुन्हा बाहेर येतो. नाकामुरांनी यातला माइक काढून टाकला. मिक्सरमधून बाहेर पडणारी वायर त्यांनी मिक्सरच्याच आत जाणाऱ्या भोकात घातली. कोणीही काही न वाजवता यंत्राच्या पोटातली बारीक सुरसुर स्वतःवरच फिरत राहते, आणि त्यातून शीळ, टकटक, खर्जाची थरथर असं काहीबाही उगवतं. मिक्सरचं बटण केसभर फिरवलं की सगळं पालटतं, आणि काल ज्या जागी जो आवाज मिळाला तो आज मिळेलच असं नाही. वादकाचं निम्मं काम वाट पाहण्याचं असतं. यंत्र काय म्हणतंय ते आधी ऐकायचं, मग हात लावायचा.

साचिको एम यांच्या सॅम्पलरमध्ये एकही नमुना साठवलेला नसतो. यंत्र तपासण्यासाठी कारखान्यानं आत ठेवलेला जो सरळ, रंग नसलेला साइन स्वर असतो, तेवढाच त्या वाजवतात. हा स्वर ऐकायला सुरुवातीला टीव्हीचं प्रक्षेपण बंद झाल्यावर येणाऱ्या आवाजासारखा वाटतो. पण लहान खोलीत त्याची एक गंमत होते. ३४०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३४०० कंपनांच्या) स्वराची तरंगलांबी हवेत साधारण १० सेंटिमीटर असते. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेत मिसळली की खोलीत कुठे तो स्वर जोरात ऐकू येतो, कुठे जवळजवळ पुसला जातो, आणि या दोन जागांमध्ये जेमतेम अडीच सेंटिमीटरचं अंतर असतं. श्रोत्यानं मान किंचित वळवली की स्वर बदलतो. शेजारी बसलेल्याला वेगळंच ऐकू येत असतं. वाजवणारीनं काही केलेलं नसतं; बदल तुमच्या मानेनं केलेला असतो.

तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारांमध्ये बारीकसा फरक राहिला की आवाज डोलतो आणि तारा एकमेकींत मिसळल्या की डोलणं थांबतं, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलालाही माहीत असतं. दोन साइन स्वरांचंही तेच. १००० आणि १००३ हर्ट्झचे स्वर एकत्र लागले तर सेकंदाला ३ वेळा डोल येतो. फरक इतकाच की आपण तो डोल घालवून मग गायला बसतो, आणि इथे तो डोल हीच मैफल असते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हे संगीत वाटलं नव्हतं. तानपुऱ्याशी नातं लागलं तेव्हा वाटलं.

आमी योशिदांचं माध्यम गळा. शब्द नाहीत, सूर म्हणावा असंही काही नाही. घशातून ओढून काढलेले चिरके, कोरडे, अतिबारीक आवाज. पुष्कळदा ते माणसाचे आहेत की यंत्राचे हे सांगता येत नाही. साचिको एम आणि आमी योशिदा यांची ‘कॉसमॉस’ ही जोडी होती, तर ‘अ‍ॅस्ट्रो ट्विन’मध्ये योशिदांबरोबर युता कावासाकी सिंथेसायझरवर असत. या तिघांना मिळून २००३ साली ऑस्ट्रियातल्या लिंझच्या ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’मध्ये डिजिटल संगीतातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मूठभर लोकांसमोर वाजणाऱ्या एका संगीताची इतक्या लांब दखल घेतली गेली, हे मला आजही आनंदाचं वाटतं.

या सगळ्याला ‘ओंक्यो’ असं नाव पडलं. जपानीत या शब्दाचा अर्थ ध्वनी, ध्वनीचं गुंजन. स्वतः वादकांपैकी बहुतेकांना हे लेबल आवडत नसे, आणि त्यांचं बरोबर होतं. सुगिमोतोंची गिटार आणि नाकामुरांचा मिक्सर यांच्यात साम्य शोधायला गेलं तर कमी आवाज आणि तीच ती खोली एवढंच हाती लागतं.

ऐकणाऱ्यांचं काय झालं

टोकियोत गप्प बसून ऐकण्याची परंपरा आधीपासून आहे. शिबुयातलं ‘लायन’ हे कॅफे १९२६ पासून आहे. तिथे मोठ्या स्पीकरकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या असतात आणि बोलायला मनाई असते. रेकॉर्डप्लेअर आणि परदेशी रेकॉर्ड परवडत नसत त्या काळात लोक एक कप कॉफी घेऊन तासन्‌तास तिथे बसत. जॅझसाठीही अशी कॅफे निघाली आणि युद्धानंतर त्यांची भरभराट झाली. तेव्हा ‘ऑफ साइट’च्या श्रोत्यानं गप्प बसणं काही नवलाचं नव्हतं.

नवल दुसरंच होतं. ‘लायन’मध्ये श्रोता गप्प बसला की तो संगीतातून नाहीसा होतो, मोठ्या स्पीकरसमोर त्याचा श्वास कोणाला ऐकू येणार? ‘ऑफ साइट’मध्ये श्रोता गप्प बसला की तो ऐकू येऊ लागतो. जाकिटाची सळसळ, खुर्चीची कुरकुर, कोणाच्या तरी पोटातली गुडगुड. साचिको एम यांचा स्वर आणि शेजारच्या माणसाचा श्वास एकाच पातळीवर. त्यात रस्त्यावरचं जाणं-येणं पातळ भिंतीतून आत शिरायचं. भिंतीनं आतला आवाज बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, पण बाहेरचा आत येण्याला तिची हरकत नव्हती.

आपल्या बैठकीशी तुलना करायचा मोह मी आवरत नाही. आपल्याकडेही श्रोता ऐकू येतो, पण ठरवून. ‘क्या बात है’, समेवर हललेली मान, मांडीवर धरलेली मात्रा, ही सगळी गायकाला दिलेली पोच असते, आणि गायक त्या पोचेवर पुढची जागा घेतो. योयोगीत पोच देण्याची सोयच नव्हती. दाद दिली असती तर तो त्या क्षणाचा सर्वांत मोठा आवाज ठरला असता. मग वादकाला कळायचं कसं की ऐकलं जातंय? मला वाटतं, खोली आणखी शांत होण्यातून. आपल्याकडेही विलंबित आलापीत षड्जावर गायक थांबतो आणि दाद द्यायची राहून जाते, तो क्षण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी काय म्हणतो आहे ते कळेल.

अशा ठिकाणी आज वाजवणारा उद्या ऐकायला बसतो. सभासदांची यादी नसली तरी ते श्रवणमंडळच होतं. ‘इम्प्रोव्हाइज्ड म्युझिक फ्रॉम जपान’ या सीडी काढणाऱ्या संस्थेनं तिथल्या बैठकींची निवडक ध्वनिमुद्रणं सीडीवर काढली, म्हणून आपल्यासारख्या कधीही तिथे न गेलेल्यांना ती खोली थोडीफार ऐकायला मिळते.

किंमत

हा प्रयोग फुकटात झाला नाही, आणि त्याची बाजू मांडणारे ही बाब सहसा टाळतात.

मर्यादा सवयीत बदलली की तिची रीत होते. हळू वाजवणं हा घराचा नियम होता तोवर त्यात ताण होता. मोठ्यानं वाजवता येणारे लोक स्वतःला आवरत होते आणि ते आवरणं ऐकू येत होतं. परदेशात ही मुद्रणं पोचल्यावर शांतता ही एक वेशभूषा झाली. पातळ भिंत नसलेल्या सभागृहांतही लोक दहा मिनिटांतून एकदा तार छेडू लागले. अशा काही मुद्रणांत मला शांतता ऐकू येत नाही, फक्त कोणी काही करत नसल्याचं ऐकू येतं.

सुगिमोतोंनी ही अडचण ओळखली असावी. ते उत्स्फूर्त वादनाकडून रचनेकडे सरकले. २००१ मध्ये ‘ऑफ साइट’मध्ये लिखित रचनांचीही एक मालिका झाली. त्यांच्या पुढच्या मैफलींत बराच वेळ जाई आणि स्वर मोजकेच लागत. ज्यांना मुक्त वादनातला परस्परांशी चाललेला संवाद हवा होता, ते यात दुखावले. मी दोन्ही बाजूंशी भांडू शकत नाही. पण शेजाऱ्यासाठी हळू वाजवणं आणि तत्त्वासाठी न वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातली पायरी फार लवकर चढली गेली असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट. त्या खोलीत जेमतेम काही माणसं मावत. ज्याला दीड तास पाय न हलवता बसता येत नाही, ज्याला खोकला आहे, जिच्या मांडीवर मूल आहे, त्यांना तिथे येण्याची भीती वाटली असणार. कमी आवाजाचं संगीत शेजाऱ्याशी सौजन्यानं वागतं, तेच संगीत खोकणाऱ्याशी कठोर होऊ शकतं.

२००५ नंतर

२००५ मध्ये ‘ऑफ साइट’ बंद झालं. तिथली माणसं टोकियोतल्या इतर लहान जागांमध्ये वाजवत राहिली. ‘इम्प्रोव्हाइज्ड म्युझिक फ्रॉम जपान’ चालवणाऱ्या योशियुकी सुझुकी यांनी २०१२ मध्ये टोकियोच्या सुइदोबाशी भागात ‘फ्तारी’ हे सीडींचं दुकान उघडलं. दुकानातच मैफली होतात, रॅकमध्ये सीडी आणि मध्ये वादक. पुढच्या पिढीतले पुष्कळ वादक तिथे वाजवतात, आणि त्यांच्यातले सगळेच काही हळू वाजवत नाहीत.

आमच्या रविवारच्या बैठकीचं सांगायचं तर जागा बदलली नाही. मोठे स्पीकर मित्रानं माळ्यावर टाकले. आता टेबलावर दोन लहान स्पीकर असतात आणि आम्ही त्यांच्याभोवती सतरंजीवर कोंडाळं करून बसतो. आवाज इतकाच ठेवायचा की कोणी कुजबुजलं तर संगीत बुडेल. पहिल्या खेपेला पंखा बंद करावा लागला, दुसऱ्या खेपेला लक्षात आलं की फ्रिजची मोटर पण आहे. खोकणाऱ्यानं खुशाल खोकावं, असं आधीच सांगून टाकलं आहे. मोठ्या आवाजातली, १९७० च्या सुमाराची मुक्त जॅझची मुद्रणं मात्र या आवाजात निकामी होतात. ती आम्ही सध्या ऐकत नाही, आणि त्याची रुखरुख आहे. गेल्या महिन्यात खालचे काका जिन्यात भेटले. म्हणाले, बरेच दिवसांत जमला नाहीत वाटतं. त्या दिवशी आम्ही नुकतेच दोन तास ऐकून उठलो होतो.